शिंगवाल्या अळीचा निवाडा

निवृत्त माणसाला लोक विचारतात, आता वेळ कसा जातो? मला जव्हारच्या बाजारात वेगळंच विचारतात. "साहेब, अळी बघता का?" असं म्हणून समोरचा माणूस पिशवीत हात घालतो. परवा एका भाजीवालीने अळूच्या पानासकट एक लठ्ठ अळी थेट तराजूत ठेवली. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाई अर्धा किलो भेंडी तिथेच टाकून निघून गेल्या. मी गिऱ्हाईक घालवलं म्हणून भाजीवाली माझ्यावरच रुसली.

मी कृषी सहायक होतो. जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांतच सगळी नोकरी झाली. भात, नाचणी, वरई, खुरासणी, उडीद, तीळ ही इथली पिकं, आणि त्यांच्यावर काय पडलंय ते बघणं हे माझं काम. त्यात एकदा उडदाच्या शेतात बोटाएवढी जाड, शेपटीच्या टोकाला शिंग असलेली अळी दिसली. हिचं पुढे काय होतं या उत्सुकतेपोटी मी ती घरी आणली आणि लोणच्याच्या बरणीत माती घालून सोडली. अळी मातीत शिरली, कोश झाला, आणि काही आठवड्यांनी बरणीतून करड्या रंगाचा, भलामोठा, अंगाने गुबगुबीत पतंग बाहेर आला. आमच्या सौभाग्यवतींना ती बरणी परत लोणच्याला वापरायची नव्हती. मला वेड लागलं ते तेव्हापासून.

या पतंगांना स्फिंक्स पतंग म्हणतात, कुणी हॉक मॉथ म्हणतात. त्यांची अळी डिवचली की डोकं वर काढून ताठ बसते, इजिप्तच्या त्या दगडी पुतळ्यासारखी, म्हणून स्फिंक्स. आमच्याकडे नुसतं "शिंगवाली" म्हटलं की कळतं. शिंग मऊ असतं, टोचत नाही. हे वाक्य मी आयुष्यात जितक्या वेळा बोललो तितक्या वेळा युरिया हा शब्दसुद्धा उच्चारला नसेल.

खोडाळ्याकडच्या एका घरातून एकदा फोन आला. अंगणातल्या तगरीवर सापाचं पिल्लू आहे, डोळे वटारून बघतंय, लवकर या. सर्पमित्राला बोलवा म्हटलं, तर म्हणाले, तो भात लावतोय, त्यानेच तुमचा नंबर दिला. गेलो. सगळं घर अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उभं. तगरीवर हिरवीगार अळी, आणि मानेपाशी दोन निळे, पांढऱ्या काठाचे डोळे. खरे डोळे नव्हेत ते, नुसते ठिपके. पाखरांनी घाबरावं म्हणून. मी ती हातावर घेतली आणि घरातल्या आजोबांना समजावून सांगितलं.

"म्हंजे डोलं खोटं?"

"खोटे. भीती वाटावी म्हणून असतात."

"मंग वाटली की!" आजोबा चिडून म्हणाले. "तिनं तिचा काम बरोबर केला. तुमी काय सांगता आमाला?"

मी अळी परत तगरीवर ठेवली.

शिरपामाळला फिरायला आलेल्या ठाण्याच्या एका गृहस्थांनी मला असंच गाठलं. त्यांनी फुलांपुढे हवेत थांबून रस पिणारा चिमुकला जीव मोबाइलवर टिपला होता. "हमिंगबर्ड!" म्हणाले. आपल्या देशात तो पक्षी नाही, हा दिवसा उडणारा स्फिंक्स पतंग आहे, असं मी सांगितलं. त्यांचा चेहरा असा उतरला की वाटलं, उगाच बोललो. मग बायकोसमोर मान राखायला त्यांनी विचारलं, "ठीक आहे, पण कुठल्या जातीचा?" मी म्हणालो, "या फोटोवरून सांगता येणार नाही." त्यांनी बायकोकडे पाहिलं. यांनाच काही माहीत नाही, असा त्या पाहण्याचा अर्थ होता.

पण या धंद्यातलं सगळ्यात अवघड वाक्य "सांगता येणार नाही" हेच आहे. हे पतंग एकमेकांसारखे दिसतात, आणि फरक नेमका झाकलेला असतो. काही सोपे असतात. अळूवर होणाऱ्या दोन जातींपैकी एकीच्या पाठीवर दोन रुपेरी रेघा असतात आणि दुसरीच्या पाठीवर एकच. रेघा मोजल्या की झालं. बाकीच्यांचं तसं नाही. पतंग बसला की पुढचे पंख मागच्या पंखांवर ओढून घेतो. पुढचा पंख म्हणजे बाहेर घालायचा सदरा, तो सगळ्यांचा सारखाच मळखाऊ. खरी ओळख मागच्या पंखावर, आणि त्यातही पुष्कळदा त्याच्या मुळाशी, जिथे तो अंगाला जोडलेला असतो. आता मोबाइलमध्ये फोटो टाकला की नाव सांगणारी सोय निघाली आहे. मीही वापरतो. पण मोबाइलला सदराच दिसतो. सदरा बाजूला करायला माणूस लागतो आणि एक काटा लागतो. मी करवंदीचा वापरायचो.

नोकरीत असताना जव्हार तालुक्यातल्या वांगणी गावी माझ्या त्या काट्यावर एका बाईचं बियाणं टांगून राहिलं होतं. तीच गोष्ट सांगायला बसलो आहे.

वांगणीच्या एका पाड्यावर सुनंदा आणि जानकी अशा दोघी शेजारणी. नात्याने जानकी सुनंदाची चुलत सासू, म्हणून सुनंदा तिला काकी म्हणायची. सुनंदा तिशीतली, बोलायला फटकळ, कामाला वाघ. दरवर्षी दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर जायची. त्या वर्षी बायकांच्या गटाला मधमाश्यांच्या पेट्या मिळाल्या आणि त्या सांभाळायचं सुनंदाने अंगावर घेतलं. मध नीट निघाला तर यंदा भट्टीवर जायचं नाही, असं तिने नवऱ्याला सांगून टाकलं होतं.

जानकी साठी ओलांडलेली, एकटी. बांबूच्या टोपल्या विणायची आणि घरालगतच्या उतारावर काळा तीळ लावायची. तो तीळ तिच्या आईकडून आलेला. लग्नात आईने पदरात बांधून दिला होता, तेव्हापासून दरवर्षी थोडा मागे ठेवून पुढच्या वर्षी पेरायची. तसा बारीक, काळाभोर, तेलाने भरलेला तीळ मी दुसरीकडे पाहिलेला नाही. आजूबाजूच्यांनी कधीच सोडून दिला होता. तिच्यापाशी जेवढा होता तेवढाच.

खुरासणीला फुलं धरली तेव्हा सुनंदाचा फोन आला. "साहेब, पेटी उठली. माश्या गेल्या. दुसरी पन उठल असा वाटतं. तुमी या."

पेटीतल्या या सातेरी, म्हणजे देशी मधमाश्या तशा नाजूक मनाच्या. त्रास झाला की घर सोडतात. मी वावर गावापर्यंत मोटारसायकल नेली, पुढे चिखल होता म्हणून चालत गेलो. पोचलो तर गटाच्या सगळ्या बायका पेट्यांपाशी जमलेल्या, आणि जानकी आपल्या तिळाच्या बांधावर, कोयता मांडीवर घेऊन बसलेली. टोपलीसाठी बांबू सोलत होती, पण नजर आमच्याकडे.

भांडण काय ते सुनंदानेच सांगितलं. तिन्हीसांजेला पेटीतून उंदरासारखा चीं चीं आवाज येतो. एकदा तिने झाकण उघडलं तर पाठीवर माणसाची कवटी काढलेला पतंग आत मध पीत बसला होता. पेटीच्या प्रशिक्षणात असाच फोटो दाखवला होता, आणि खाली लिहिलं होतं, तिळावरची अळी.

"आणि तील कोनाचा हाय पाड्यात? एकली काकीचा," सुनंदा म्हणाली. "आमी ठरवलाय. ह्यो तिलाचा पतंग असल, तर तील उपटायचा. नाय तर औषध मारायचा. साहेब सांगतील तसा."

"काकी काय म्हणते?"

"काकी म्हनते, साहेबांनी सांगू दे. मंग मी माझे हातानं उपटीन."

शेंगा अजून हिरव्या होत्या. आता तीळ उपटला तर एक दाणा हाती लागला नसता. जानकीच्या आईचं ते बियाणं तिथेच संपलं असतं. आणि जानकी दुसरं काही मागत नव्हती, रडत नव्हती, नुसतं बांबू सोलत होती.

तरी मला थोडी आशा होती, आणि ती का होती ते सांगतो. पाठीवर कवटी असणारे पतंग आपल्याकडे दोन जातींचे. दोन्ही मधचोर. दोन्ही माश्यांच्या घरात बिनधास्त शिरतात, कारण त्यांच्या अंगाला माश्यांसारखाच वास येतो म्हणतात. एकाची अळी तिळावर हटकून सापडते. दुसरा जरा थोराड, त्याची अळी रानातल्या झाडाझुडपांवर वाढते, तिळाशी तिचा फारसा संबंध नाही. दोघांचे मागचे पंख पिवळे, त्यावर काळे पट्टे. पण रानातल्याच्या पंखाच्या मुळाशी मोठा काळा डाग असतो आणि तिळावरच्याचं मूळ स्वच्छ पिवळं असतं. मुळाशी काळं निघालं असतं तर जानकीचा तीळ सुटला होता.

"मेलेला एखादा आहे का?"

सुनंदाने केळीच्या पानात ठेवलेला एक पुढे केला. बायका वाकून बघू लागल्या आणि माझी पंचाईत झाली. माश्यांनी त्याला मारून टाकलं होतं, पण एवढं धूड दाराबाहेर ओढता येईना म्हणून त्याचे केस कुरतडून कुरतडून पार गुळगुळीत केलं होतं. ना कवटी, ना पंख. भाजलेल्या चिकूसारखं काळं शरीर तेवढं उरलेलं.

"यावरून सांगता येत नाही," मी म्हणालो.

"असा कसा? तुमी तर अळीवाले साहेब!"

"पंख लागतो. मागचा. पेटी झाडल्यावर कचरा कुठे टाकलास?"

पेटीच्या तळाचा कचरा ती पेट्या ठेवलेल्या घडवंचीमागे झाडायची. तिथे मी उकिडवा बसलो आणि मेणाचा भुगा, मेलेल्या माश्या, वाळकी पानं बोटांनी बाजूला करू लागलो. सरकारी माणूस कचरा चिवडतोय म्हणून एकदोघी तोंडाला पदर लावून हसल्या. पुढच्या पंखाचे तुकडे बरेच मिळाले, सगळे मळखाऊ, सगळे बिनकामाचे. मग मेणाला चिकटलेला एक पिवळा तुकडा दिसला. अंगठ्याच्या नखाएवढा, पण मुळापासून तुटलेला. मी काट्याने त्यावरचं मेण हळूच सोडवलं आणि उजेडाकडे धरला.

पिवळा. अगदी मुळापर्यंत पिवळा.

खरं सांगतो, क्षणभर वाटलं, रानातला आहे म्हणून सांगावं. त्या पाड्यात कुणाला कळणार होतं? सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या आणि तुकडा माझ्या हातात होता. पण मला आयुष्यभर लोकांनी या एकाच गोष्टीसाठी बोलावलं होतं. इथे खोटं बोललो असतो तर आधीच्या सगळ्या खऱ्याला काय किंमत राहिली असती? आणि खोट्याने सुनंदाच्या माश्या वाचल्या नसत्या.

"तिळावरचाच आहे," मी म्हणालो.

जानकी बांधावरून उठली, कोयता घेऊन तिळाकडे वळली.

"जानकीबाई, थांबा!" मी जवळजवळ ओरडलोच. "माझं बोलणं संपलं नाही."

मग मी सुनंदाला हाताला धरावं तसं तिळापाशी नेलं. शेंड्याला अजून थोडी फुलं होती, आणि त्यात तिच्याच पेटीतल्या माश्या शिरत होत्या. तिळाचं पान चोराला पोसतं आणि तिळाचं फूल माश्यांना. औषध मारलं तर चोराआधी माश्या मरतील. हे सगळं मी सांगितलं. सुनंदा ऐकत होती, पण पटलेलं दिसत नव्हतं.

"फुलं सरत आली," ती म्हणाली. "चोर मातर रोज येतो. येक का दोन? इतके कुठून येतात, साहेब? दुसरे गावात पन पेट्या हायेत, तिथं असा नाय."

प्रश्न बरोबर होता. एवढ्याशा तिळात इतके पतंग निघणं मलाही जास्त वाटत होतं. आणि तिळाची पानं तर फारशी खाल्लेली दिसत नव्हती. मी जानकीला विचारलं, "अळ्या दिसत नाहीत. मारल्या का तुम्ही?"

"मारत नाय मी," जानकी म्हणाली. "शिंग हाय तिला. शिंगवाला जनावर गोठ्यातला, त्याला मारायचा नाय. माझी सासू उचलून ठेवायची, मी पन ठेवते. पानावर घेतेय आनि नेऊन सोडते."

"कुठे?"

तिने कोयत्याने दाखवलं. पेट्यांच्या घडवंचीमागे घाणेरीचं दाट कुंपण होतं. "तिथं. सावली हाय, माती भुसभुशीत हाय. तिना बरा वाटतं."

मी कुंपणापाशी जाऊन काठीने माती उकरली. गडद तपकिरी, बोटाएवढा कोश निघाला. शेजारी दुसरा. जरा पुढे तिसऱ्याचं रिकामं टरफल. बाई गेले दोन महिने आपल्या शेतातली प्रत्येक अळी प्रेमाने पानावर घेऊन बरोबर मधाच्या दारात आणून सोडत होती. बाहेर येऊन पतंगाने पंख वाळवायचे आणि समोरच्या घरात जेवायला जायचं.

मी हे सांगितलं तेव्हा जानकीने कपाळाला हात लावला. "म्या आनून ठेवला? माझे हातानं?"

सगळ्यात आधी सुनंदा हसली. आधी तोंड दाबून, मग घडवंचीला धरून. "काकी, तू तर पावन्यांना आनून सोडला माझे घरा!" मग बायका हसल्या, आणि शेवटी जानकीही. त्या हसण्यात तिळाचं काय करायचं हा विषय निघालाच नाही, आणि मीही तो काढला नाही.

पण नुसत्या हसण्याने पेट्या टिकत नाहीत. पतंग लांबून उडत येतो, आज या अळ्या हलवल्या तरी उद्या दुसरीकडून येईल, म्हणून खरा उपाय पेटीच्या दाराशी. माशी सहज ये-जा करील पण पतंग शिरणार नाही इतकं दार बुटकं करायचं. त्याला पट्टी लागते. मी सुताराचं नाव घेणार, तोच जानकीने सोललेला बांबू उचलला, कामट्या काढल्या आणि एकेका दारावर धरून बघत तासत बसली. "इतकी? का अजून बारीक?" ती सुनंदाला विचारत होती, मला नाही. सुनंदा दारापाशी वाकून माश्या जाताना बघत होती. "अजून ईवलीशी, काकी." पुढे मी मधाच्या पेट्यांना पुष्कळ प्रकारची दारं पाहिली, पण त्या कामट्यांइतकं नेमकं काम क्वचित पाहिलं.

अळ्यांचं काय, हा प्रश्न राहिला. कोंबड्यांना घाला, असं एकीने सुचवलं. जानकीने मान हलवली. शेवटी असं ठरलं की तिने त्या ओहोळापल्याड रानात नेऊन सोडायच्या. लांब होतं, पण ती तयार झाली. सुनंदा त्या वर्षी भट्टीवर गेली की नाही, हे मला माहीत आहे आणि सांगायला बरं वाटतं. नाही गेली.

यंदा भादव्यात मी बऱ्याच वर्षांनी वांगणीला गेलो. आता साहेब म्हणून नाही, मध आणायला. जानकीचा तीळ उतारावर उभा होता. मी तसं म्हणालो तर सुनंदा म्हणाली, "उभा हाय ते नशीब. पर गेल्या साली पूर्ण कुजला होता."

मला धक्काच बसला. काढणीच्या वेळी पाऊस हटेना, पेंढ्या उभ्याच काळ्या पडल्या. मागे ठेवलेलं बियाणं गाडग्यात होतं, तेही छपरातून गळून सडलं. काकी चार दिवस जेवली नाही, असं सुनंदा सांगत होती.

"मग हे?" मी तिळाकडे बोट दाखवलं.

तिने घरात जाऊन आढ्याला टांगलेला एक वाळका भोपळा काढून आणला. बूच काढून माझ्या तळहातावर ओतला. राखेत घोळलेला काळा तीळ.

"त्या साली काकीनं मना वंजळभर दिला होता. पेट्यांभवती लाव, माश्यांना फुलं व्हतील म्हनून. तवापासून मी पन दरसाल थोडा मागं ठेवते. हा अगोदरचे सालचा व्हता, राखंत ऱ्हायला चांगला. काकीला दिला अर्धा."

जानकी ओटीवर बसून ऐकत होती. गुडघे गेलेत तिचे आता, चार पावलंही भिंत धरून. तिने माझ्या तळहातावरचा तीळ चिमटीत घेतला, फुंकला, दाताखाली धरला.

"राख लय घालते ही," ती मला म्हणाली. "किती वेला सांगितला."

"तुझा गाडगा सडला, माझी राख नाय सडली," सुनंदा फणकाऱ्याने म्हणाली आणि मधाची बाटली माझ्यापुढे आदळून तिळात गेली.

मी बाटली पिशवीत ठेवून निघालो. जानकीला म्हटलं, "अळ्या आहेत का यंदा?"

"हायेत की."

"आणि ओहोळापल्याड नेतं कोण? तुमचे तर गुडघे..."

जानकीने हनुवटीने खाली दाखवलं. सुनंदा तिळातून बाहेर पडून ओहोळाकडे उतरत होती. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, एका हाताने तोल सावरत ती पाण्यात शिरली. दुसरा हात पुढे, अगदी सपाट धरलेला, आणि त्यावर सागाचं पान. पानावरचं काही पडू नये म्हणून ती एकेक दगड चाचपत चालली होती.